कोणाच्या हातचा श्वास

श्वास मोजून दिलेले असतात, त्यात एक जास्त नाही की एक कमी नाही, हे वाक्य मराठी घरांत इतक्या सवयीने बोलले जाते की ते कोणी तपासून पाहत नाही. समाचाराला आलेला माणूस ते म्हणतो, कीर्तनकार म्हणतात, आयसीयूच्या दाराबाहेर बाकड्यावर ताटकळणारे नातेवाईकही म्हणतात. योगग्रंथांनी तर हिशेबच मांडून ठेवला आहे: दिवसरात्र मिळून २१,६०० श्वास, आणि दर श्वासागणिक नकळत चाललेला अजपाजप. भागाकार करून पाहिला तर मिनिटाला बरोबर १५ श्वास येतात. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो असे आजचे वैद्यक सांगते. म्हणजे जुन्या लोकांचे मोजमाप वाऱ्यावरचे नव्हते. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर 'रेट'पुढेही पुष्कळदा याच आसपासचा आकडा दिसतो. फक्त तो कोणीतरी बटण फिरवून बसवलेला असतो, आणि सकाळच्या राउंडला आलेले डॉक्टर तो बदलूही शकतात. मग हे श्वास मोजलेल्यांत धरायचे की वरकड? वरकड असतील तर ते घेणे म्हणजे विधिलिखितात केलेली ढवळाढवळ का? आणि मोजलेल्यांतलेच असतील, तर यंत्र बंद करणाऱ्याने कोणाचे काय हिरावून घेतले?

हे प्रश्न रिकामटेकड्यांचे वाटतील, पण श्वसनाच्या आजारात ते रोज कोणाला तरी सोडवावे लागतात. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईला सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो आणि घरात ऑक्सिजनचे यंत्र येते. पुढे रात्री नाकातोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा आत ढकलणाऱ्या यंत्राचा, मास्क चढतो. एखाद्या थंडीत छातीत कफ भरतो, न्यूमोनिया होतो आणि डॉक्टर विचारतात, नळी टाकायची का? दोन आठवड्यांनी तोच प्रश्न उलटा होऊन येतो: काढायची का? पहिल्याचे उत्तर घरचे लोक घाईघाईने देऊन टाकतात, दुसऱ्यापाशी मात्र थबकतात, कारण तिथे त्यांना पाप दिसते. पापपुण्याचा प्रश्न तिथे आहेच, तो मी नाकारत नाही. पण धर्माच्या नावाने या ठिकाणी दोन उत्तरे सहसा ऐकू येतात. एक, आपला श्वास तेवढा देवाचा आणि यंत्राचा उपरा. दुसरे, एकदा लावलेले यंत्र काढणे म्हणजे जीव घेणे. माझ्या मते दोन्ही उत्तरे तपासात टिकत नाहीत. यंत्राचा श्वास म्हणजे एका माणसाने दुसऱ्यासाठी केलेले श्रम; त्याला लागू होतो तो सेवेचा धर्म, आणि सेवा कधी सुरू करावी, कधी आवरावी हे ज्याची करायची त्याच्याकडे पाहून ठरते.

आधी मोजणीचे पाहू. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ही चाके लावलेली एक गुडघाभर उंचीची पेटी असते. ती खोलीतलीच हवा आत ओढते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. पेटीतल्या दोन नळकांड्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक दाणे भरलेले असतात. दाबाखाली ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडतात. एक नळकांडे काम करत असताना दुसरे धरलेला नायट्रोजन बाहेर टाकते, म्हणून दर काही सेकंदांनी फुस्स असा आवाज येतो आणि सारे घर हळूहळू त्या आवाजात झोपायला शिकते. नाकातली नळी लांब घेतली की माणूस स्वयंपाकघरापर्यंत फिरू शकतो. देवघरातल्या पेटत्या समईपासून मात्र त्याला लांब बसावे लागते, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत भडकते. आता या पेटीने श्वासांची संख्या वाढते का? ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९८१ मध्ये एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. रक्तातला ऑक्सिजन फारच उतरलेल्या ८७ रुग्णांपैकी ४२ जणांना दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन दिला गेला, ४५ जणांना दिला गेला नाही. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. पाच वर्षांत पहिल्या गटातले १९ गेले, दुसऱ्यातले ३०. उलट अमेरिकेत ७३८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे आढळले, की ज्यांचा ऑक्सिजन थोडासाच उतरलेला आहे त्यांना तो घरी देऊन आयुष्य वाढत नाही आणि इस्पितळाची वारीही लांबत नाही. म्हणजे तेच यंत्र एकाला वर्षे देते आणि दुसऱ्याला नुसती नाकात नळी.

नियतीवर हवाला ठेवणारा यावर म्हणेल, जे जास्त जगले त्यांच्या कपाळी ऑक्सिजनच लिहिला होता. हे उत्तर खोडून काढता येत नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. यंत्र लावले तरी ते खरे, न लावले तरी खरे, काढले तरी खरे. जे कोणत्याही परिस्थितीत खरेच ठरते त्याला 'आता काय करू?' असे विचारून उपयोग नसतो. मोजलेल्या श्वासांची गोष्ट शब्दशः घेतली तर आणखी एक गंमत होते: धाप लागलेला दमेकरी मिनिटाला ३० श्वास घेतो, म्हणजे तो आपली पुंजी दुप्पट वेगाने उधळतो आहे, आणि त्याची धाप बसवणारा बायपॅप हा मोठा पुण्यवान काटकसरी ठरतो. असे कोणी म्हणत नाही, कारण हा हिशेब मुळात त्यासाठी नाहीच. गेलेल्या माणसाच्या घरी बसून तो सांगितला तर मागे राहिलेल्यांच्या मनातली टोचणी कमी होते, आणि हे काही थोडेथोडके काम नव्हे. निर्णय व्हायचा असताना तोच हिशेब पुढे केला की ती पळवाट होते.

आपल्या तत्त्वज्ञानाने श्वासाला किती मान दिला आणि कुठे थांबवले तेही पाहण्यासारखे आहे. छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचे भांडण लागते, आपल्यात श्रेष्ठ कोण? वाणी वर्षभर देह सोडून जाते, देह मुक्याने दिवस काढतो. डोळे जातात, कान जातात, मन जाते, तरी निभते. प्राण निघायला लागतो तेव्हा मात्र बाकीच्या सगळ्यांची मुळे उपटली जाऊ लागतात आणि सगळे त्याच्यापुढे नमतात. बृहदारण्यकातही ही कथा आहे. अतिदक्षता विभागाचा पहिला नियम तिच्यात आहे म्हटले तरी चालेल: आधी श्वास सांभाळा, मग बाकीचे. पण कठोपनिषदात यम नचिकेताला जे सांगतो ते याच्याही पलीकडचे आहे. आत येणारा आणि बाहेर जाणारा वारा हा जगण्याचा शेवटचा आधार नव्हे. तो स्वतःच दुसऱ्या कशावर तरी टेकलेला आहे. व्हेंटिलेटर आल्यावर हा विचार पोथीतून उठून खाटेपाशी आला. छाती वरखाली होते आहे, नाडी लागते आहे, हात ऊबदार आहे, आणि तरीही मेंदूचा देठ कायमचा मेलेला आहे, अशी अवस्था माणसाच्या इतिहासात पूर्वी कधी नव्हती. १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीने या अवस्थेला मृत्यू म्हणावे असे सुचवले. भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने ते स्वीकारले. त्यासाठीची तपासणी पाहिली तर प्राचीनांना ती परकी वाटली नसती. चार डॉक्टरांचे मंडळ, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा, इतर चाचण्यांबरोबर ही एक चाचणी करते: रुग्णाला ऑक्सिजन पुरवत यंत्राचा श्वास थांबवायचा, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू द्यायचा, आणि उघड्या छातीकडे पाहत राहायचे. श्वासाची तहान लागण्याइतका वायू साठूनही छाती हलली नाही तर माणूस गेलेला आहे. प्राचीन यहुदी धर्मशास्त्रातही जिवंतपणाची खूण नाकापाशी पाहायला सांगितली आहे. म्हणूनच १९८६ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाला हा निकष हृदयरोपणासाठी मान्य करता आला, आणि त्याच वर्षी अम्मान इथे भरलेल्या इस्लामी फिक्ह अकादमीनेही मेंदूमृत्यूला संमती दिली. दोन्ही धर्मांत याला विरोध करणारे विद्वान होते आणि आजही आहेत. पण इथे तरी यंत्र काढण्यात पाप नाही, एवढे बहुतेक परंपरा मानतात. खरी अडचण पुढची आहे, जिथे माणूस जिवंत आहे आणि श्वास यंत्राचा आहे.

त्यासाठी १९५२ च्या कोपनहेगनला जावे लागते. त्या उन्हाळ्यात शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम इस्पितळात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज दाखल होत होते. सबंध इस्पितळात लोखंडी पिंपासारखे श्वासयंत्र, ज्याला आयर्न लंग म्हणत, एकच होते. छातीवर बसवायची सहा लहान उपकरणे होती, ती दुबळी ठरत. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्राची गरज पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ब्यॉर्न इब्सेन हा भूलतज्ज्ञ. ऑगस्टच्या अखेरीस त्याने, भूल देताना तो जे करत असे, तेच वॉर्डात करून दाखवले. घशाला छेद, छेदातून श्वासनलिकेत नळी, नळीला रबरी पिशवी, आणि पिशवी दाबायला एक हात. हात कुठून आणायचे? वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केले, ऐन भरात एका वेळी ७० रुग्णांसाठी, आणि सगळे मिळून १,६५,००० तास भरले असे सांगतात. दर तीन-चार सेकंदांना एक दाब, दिवसा आणि रात्री, आठवडेच्या आठवडे. लहान मूल असेल तर त्याला गोष्ट वाचून दाखवायची आणि दुसऱ्या हाताने पिशवी चालू ठेवायची. पेशंटला बोलता येत नसे. जोर कमी झाला, वेग चुकला, हे तो डोळ्यांनी सांगे आणि विद्यार्थी दाब बदले. मृत्यूचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर होते, ते निम्म्याखाली आले. पुढे या हातांच्या जागी मोटारी बसल्या, नळ्या आणि झडपा आल्या, पडदे आणि अलार्म आले. पण आजच्या व्हेंटिलेटरचे मूळ तो हातच आहे.

हा हात समोर ठेवला की नैसर्गिक आणि कृत्रिम ही फाळणी आपोआप ढासळते. त्या मुलाच्या फुप्फुसात जाणारी हवा कृत्रिम होती का? हवा तीच, फुप्फुस त्याचेच, रक्त त्याचेच. हवा आत ढकलणारा स्नायू तेवढा दुसऱ्या कोणाचा. दुसऱ्याच्या बळावर श्वास घेणे हे माणसाला परके असते तर कोणी जन्मालाच आले नसते, कारण जन्मापूर्वी प्रत्येक जण आईने घेतलेल्या श्वासावर जगलेला असतो. गर्भाला ऑक्सिजन मिळतो तो तिच्या रक्तातून. म्हणून यंत्रावरचे जगणे खोटे, उपरे, देवाला नको असलेले, असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या पहिल्या नऊ महिन्यांचे काय ते सांगावे. आणि यंत्रावरचे आयुष्य कसे असू शकते याचेही दाखले समोर आहेत. अमेरिकेतले पॉल अलेक्झांडर यांना १९५२ मध्ये सहाव्या वर्षी पोलिओ झाला. त्यानंतर २०२४ मध्ये ७८ व्या वर्षी मरेपर्यंत ते आयर्न लंगच्या आधाराने जगले. घशाच्या स्नायूंनी हवा गिळून काही तास पिंपाबाहेर राहायची युक्ती ते शिकले, कायद्याची पदवी घेतली, वकिली केली, आत्मचरित्र लिहिले. स्टीफन हॉकिंग १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होते. यंत्र बंद करावे का असे डॉक्टरांनी विचारले आणि त्यांच्या पत्नी जेन यांनी साफ नकार दिला. काळावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक तीन वर्षांनी, १९८८ मध्ये आले. या दोघांच्या श्वासाला उपरा म्हणण्याची कोणाची छाती आहे?

इथपर्यंत ऐकून धार्मिक मनाचा वाचक म्हणेल, ठीक, यंत्राचा श्वास खराच. मग तर तो बंद करणे म्हणजे खराखुरा खूनच झाला. न लावणे वेगळे, लावलेला काढणे वेगळे. हा आक्षेप वजनदार आहे आणि जगातल्या काही अत्यंत सूक्ष्म धर्मशास्त्रांनी तो मांडला आहे. इस्रायलने डिसेंबर २००५ मध्ये मरणासन्न रुग्णांचा कायदा केला तेव्हा याच फरकावर पेच आला. अखंड चालू असलेला उपचार थांबवणे ही कृती, म्हणून निषिद्ध. टप्प्याटप्प्याने दिला जाणारा उपचार पुन्हा सुरू न करणे ही अकृती, म्हणून ग्राह्य. व्हेंटिलेटर तर अखंड चालतो. तोडगा निघाला तो असा, की यंत्राला टायमर लावावा. ठरलेल्या वेळाने तो पूर्वसूचना देईल, आणि रुग्णाची इच्छा तशी असेल तर उपचार पुन्हा सुरू न करण्याची मोकळीक राहील. शब्बाथच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी दिवे आपोआप चालूबंद करणाऱ्या टायमरचीच ही नात म्हणायची. हसण्यासारखे यात काही नाही. शास्त्र मोडायचे नाही आणि माणसालाही छळायचे नाही, या दोन्हींची काळजी त्यात आहे. पण टायमर लावल्याने नीतीत नेमके काय बदलले, हे मला शोधूनही सापडत नाही. पुन्हा कोपनहेगनचा विद्यार्थी पाहा. तो दर चार सेकंदांनी पिशवी दाबतो. प्रत्येक दाब ही नवी कृती, दोन दाबांमधली फट ही अकृती. तो थांबला तर काय केले? काहीच केले नाही, म्हणजे पुढचा दाब दिला नाही. त्याच्या जागी मोटार बसवली आणि मोटारीचे बटण बंद केले तर मात्र खून? एकच गोष्ट हाताने थांबली तर अकृती आणि बोटाने थांबली तर हत्या, हे बटणाच्या रचनेवर नीती टांगणे झाले.

विद्यार्थी का थांबला, हे विचारले तरच काही हाती लागते. झोप आली म्हणून थांबला, शेजारच्या खाटेवर श्रीमंत पेशंट आला म्हणून थांबला, की या पेशंटला दाबाचा आता उपयोग उरला नाही म्हणून थांबला, की पेशंटनेच डोळ्यांनी पुरे म्हटले म्हणून? पहिल्या दोन कारणांनी तो थांबला तर अकृतीची ढाल त्याला वाचवणार नाही. शेवटच्या दोन कारणांनी थांबला तर कृतीचा आरोप त्याला लागणार नाही. कॅथलिक परंपरा याच्या जवळ फार लवकर आली होती. इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ ब्रूनो हाइड यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५७ मधल्या भाषणात स्पष्ट केले की जीव राखण्यासाठी सामान्य उपाय करणे बंधनकारक आहे, असामान्य उपाय नाहीत. श्वासयंत्र असामान्यांत येऊ शकते, आणि ते थांबवल्यावर मृत्यू आला तरी थांबवणारा त्या मृत्यूचा कर्ता ठरत नाही. कुटुंबावर पडणारे ओझेही त्यांनी जमेस धरले. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कॅरन क्विनलन या बेशुद्ध तरुणीचा खटला आला तेव्हा तिच्या श्रद्धाळू वडिलांची बाजू या भाषणाच्या आधारे मांडली गेली. न्यायालयाने परवानगी दिली, मे महिन्यात यंत्र काढले गेले, आणि ती स्वतः श्वास घेऊ लागली. पुढे नऊ वर्षे, जून १९८५ पर्यंत ती जिवंत होती, नळीवाटे अन्न घेत. यंत्र काढणे आणि मारणे एकच असते तर हे घडलेच नसते. यंत्र काढल्यावर माणूस जातो की राहतो हे आजार ठरवतो.

काढणे हे पाप मानण्याचा आणखी एक परिणाम होतो, त्याकडे धर्माच्या अभिमान्यांनी तरी दुर्लक्ष करू नये. एकदा लावले की काढता येणार नाही, अशी भीती घातली तर शहाणे लोक लावायलाच नकार देतात. सीओपीडीच्या अचानक बळावलेल्या झटक्यात कित्येक रुग्ण चार-सहा दिवस यंत्रावर राहून सुखरूप घरी येतात. कोण येईल आणि कोण अडकून पडेल, हे पहिल्या रात्री डॉक्टरांनाही सांगता येत नाही. दहा दिवस लावून पाहू, फुप्फुसांनी साथ दिली नाही तर आवरू, असे म्हणण्याची मोकळीक असेल तरच तो डाव खेळता येतो. काढण्याचे दार बंद केले की लावण्याचे दारही अर्धे लागते, आणि जीव वाचवण्यासाठी केलेला नियम जीव घालवतो.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप, जो मला अधिक टोचतो. सेवेचा निकष लावलात, तर उद्या कोणीही म्हणेल की या लुळ्या, बोलू न शकणाऱ्या माणसाला जगून काय उपयोग? अलेक्झांडरच्या पिंपाकडे पाहून पुष्कळ धडधाकट लोकांनी हेच म्हटले असते. हा धोका खरा आहे, म्हणून निकषाची कड नीट धरली पाहिजे. त्याचे आयुष्य जगण्यालायक आहे का, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे उपकरण त्याला, त्याच्या हिशेबाने, काही देते का, एवढेच विचारायचे आहे. अलेक्झांडरला पिंप वकिली देत होते, मित्र देत होते. त्याने ते पुरे म्हटले नाही, म्हणून विषय संपला. ज्याचे मन कळत नाही त्याच्या बाबतीत शंकेचा फायदा यंत्र चालू ठेवण्याकडे जावा. के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर भान हरपलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना चार दशकांहून अधिक काळ सांभाळले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या मागणीवर निकाल दिला तेव्हा ही सेवा करणाऱ्यांचे मत प्रमाण मानले, त्यामागे हीच बुद्धी दिसते.

आणि ज्याचे मन कळते, तो पुरे म्हणतो, तेव्हा? आपल्या परंपरेत याला जागा नाही असे म्हणणाऱ्यांनी फार लांब जाऊ नये. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि २६ तारखेला देह ठेवला. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकारानंतर अन्न आणि औषध नाकारले. १५ तारखेला ते गेले. जैनांच्या सल्लेखनेला राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये गुन्हा ठरवले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. एक कट्टर बुद्धिवादी, एक सर्वोदयी, आणि एक सबंध श्रमणपरंपरा, यांचे बाकी कशावरही जमणार नाही. आलेले मरण जागेपणी स्वीकारणे आणि जीव देणे यांत फरक आहे, एवढ्यावर मात्र त्यांचे एकमत आहे. यावर म्हणता येईल की विनोबा शुद्धीवर होते, व्हेंटिलेटरवरचा माणूस गुंगीत असतो. खरे आहे, आणि म्हणूनच आधी सांगून ठेवण्याची सोय हवी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात ती दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिच्यातली जाचक कलमे सैल केली: आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, आणि रुग्णालयातली तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे शक्यतो ४८ तासांत आपले मत देतात.

यंत्र आवरले म्हणजे सेवा आवरली असे होत नाही, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते. दम कोंडल्याची जाणीव ही माणसाला होणाऱ्या सर्वांत भयंकर जाणिवांपैकी एक आहे, आणि तिच्यावर उपाय आहेत. मॉर्फिनच्या लहान मात्रेने धाप सुसह्य होते. चेहऱ्यावर, गालाकपाळावर हातपंख्याचा वारा घातला तरी बरे वाटते, हे वैद्यकीय अभ्यासांतही दिसले आहे. उशीला टेकवून बसवणे, घशातला स्राव काढणे, मास्क काढून ओठ ओले करणे, ज्याच्याशी बोलायचे राहिले आहे त्याला खोलीत येऊ देणे. मास्क घट्ट बांधलेला असताना यातले बरेचसे करता येत नाही. गंगाजळ तोंडात घालायला हवे म्हणणाऱ्या मुलाला आयसीयूत नळी आडवी येते, त्याचे वाईट वाटणे हा अंधविश्वास समजून उडवून लावण्याची डॉक्टरांची सवय मला पटत नाही. त्या मुलाला सेवाच करायची आहे, त्याला तिची जागा सापडत नाही एवढेच.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि त्यापुढे वर मांडलेला सगळा तर्क लंगडा पडतो. आपल्याकडे यंत्र बहुधा तत्त्वचर्चेने निघत नाही, बिलाने निघते. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत, अशा कागदावर सही होते, रुग्णवाहिका गावाकडे जाते, आणि वाटेत किंवा उंबऱ्यात सारे संपते. मग लोक म्हणतात, तेवढेच श्वास होते. सरकारी इस्पितळांत व्हेंटिलेटर रिकामा नसला की नातेवाईकांच्या हातात अँबू देतात. ही आपोआप फुगणारी पिशवी १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच, कोपनहेगनच्या साथीनंतर चार वर्षांत तयार झाली, तात्पुरती सोय म्हणून. आपल्याकडे मुलगा, सून, जावई पाळ्या लावून रात्रभर ती दाबतात. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांमागे सबंध शहराचे इस्पितळ उभे होते. यांच्यामागे कोणी नसते. पोपने कुटुंबाचे ओझे जमेस धरले ते योग्यच होते, पण ओझे किती जड हे आजारावर ठरत नाही, ते बिल कोण भरणार यावर ठरते. कोविडच्या काळात देशभर व्हेंटिलेटर वाटले गेले तेव्हा कित्येक ठिकाणी ते चालवणारी माणसे नव्हती म्हणून पडून राहिले. जो हात रुग्णाच्या कारणासाठी न थांबता खिशाच्या कारणासाठी थांबतो, तो शेजारच्या खाटेवरच्या श्रीमंतासाठी थांबलेल्या हाताच्या जातीचाच आहे. पण तो हात दमलेल्या मुलाचा नव्हे. तो तालुक्याला तज्ज्ञ न पाठवणाऱ्यांचा आणि खाटेचा रोजचा दर लावणाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्यासाठी त्या कागदावर सहीची जागा ठेवलेली नसते.